क्लबहाउसची किल्ली कुणाकडे?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय चाळिशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका. यजमान हिंजवडीत नोकरीला. घरात एक मुलगा आणि सासूबाई. सासरे चार वर्षांपूर्वी गेले. लग्नानंतरची सगळी वर्षं चिंचवडगावातल्या जुन्या वाड्यात गेली. वाडा पाडायला निघाला तेव्हा वाट्याला आलेल्या पैशांत कर्जाची भर घालून त्यांनी पुनावळ्यातल्या एका मोठ्या प्रकल्पात अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जाहिरातीत पोहण्याच्या तलावाइतकीच मोठी जागा 'आपुलकीच्या शेजाराला' दिलेली होती. आज दीड वर्षानंतर चार टॉवर भरत आले आहेत आणि पाचव्याचं काम चालू आहे. क्लबहाउसच्या तळमजल्यावर अजून विक्री कार्यालय आहे. हळदीकुंकवासाठी वरचा हॉल मागितला तर दिवसाचे सहा हजार सांगितले. दिवाळी पहाट मात्र बिल्डरने थाटात केली आणि तिचे फोटो पाचव्या टॉवरच्या जाहिरातीत आले. एका फोटोत सासूबाईही आहेत.

मागच्या महिन्यात दुपारी सासूबाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या आणि वाऱ्याने दार बंद झालं. फोन आत राहिला. मजल्यावरच्या तीन बेल त्यांनी वाजवल्या. दोन घरी कुणी नव्हतं, तिसऱ्या घरातून दार न उघडताच "कौन चाहिए?" असा प्रश्न आला. सासूबाईंना हिंदी नीट येत नाही. सून शाळेतून येईपर्यंत त्या जिन्यात बसून राहिल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लिहिलं तर चार जणांनी हात जोडलेले पाठवले आणि पाचव्याने पार्किंगचं भांडण पुढे चालू केलं. "आम्ही शेजारासाठी पैसे मोजले आणि शेजार मिळालाच नाही. ही फसवणूक नाही का? बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा प्राधिकरणात तक्रार करावी, की घर विकून परत गावात जावं?" असं त्या विचारतात. यजमान विकायच्या बाजूने आहेत.

ताई,

सासूबाई जिन्यात बसून राहिल्या हे वाचून मलाही आधी त्या न उघडलेल्या दाराचाच राग आला. मग वाटलं, त्या दाराआड कोण असेल? भर दुपारी घरात असलेली, कदाचित लहान मूल घेऊन एकटी असलेली बाई. बाहेरून मराठीत काही बोलणं ऐकू येतंय, ते तिला कळत नाही. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, असं तिला घरच्यांनी बजावलेलं असणार. दीड वर्ष एका मजल्यावर राहून तुमच्या सासूबाई तिच्यासाठी अनोळखी राहिल्या, कारण त्या दोघींची गाठ पडावी अशी जागाच त्या इमारतीत नाही. लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरते, भाजी दारात येते, कचरा सकाळी कुणीतरी उचलून नेतं. सोयी म्हणून या सगळ्या गोष्टी आपण आनंदाने घेतल्या, पण त्या बदल्यात दिवसातली माणसांशी होणारी चार-पाच छोटी बोलणी गेली.

फसवणुकीबद्दल विचारता, तर त्याची दोन उत्तरं आहेत आणि ती वेगवेगळी ठेवायला हवीत. रेरा कायद्याच्या १२ व्या कलमात खोट्या जाहिरातीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. पण तिथे मोजता येण्याजोगी गोष्ट दाखवावी लागते. करारनाम्याच्या परिशिष्टात लिहिलेला तलाव झाला नाही, बागेच्या जागी पार्किंग आलं, हे तक्रारीत टिकतं. 'आपुलकीचा शेजार' टिकणार नाही, आणि टिकायलाही नको. माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याची हमी तिसऱ्याने पैसे घेऊन द्यावी, हे मनाला पटत नाही.

मला वाटतं, तुमच्या पत्रातल्या दुःखाचं मूळ इथे आहे. शेजार हा बिल्डरने द्यायचा आणि आपण घ्यायचा, असं तुम्ही धरून चाललात. तो दोष तुमचा नाही, कारण तीस वर्षं आपल्याला घरं अशीच विकली गेली आहेत. पण आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटी ही कल्पना बिल्डरशिवाय रुजली. मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. तिथे आधी माणसं एकत्र आली, त्यांनी पैसे उभे केले आणि मग घरं उभी राहिली. पुण्यात १९६१ साली पानशेत फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. त्यांतल्या माणसांना एका संकटाने आधीच बांधलेलं होतं. बँकेच्या, विमा कंपनीच्या, शिक्षकांच्या सोसायट्या आठवा. पाया खणायच्या आधी त्यांच्या कितीतरी बैठका व्हायच्या, वर्गणीवरून वाद व्हायचे, कुणीतरी रुसून बाहेर पडायचं, कुणी रोज सुटल्यावर सरकारी कचेरीत खेटे घालायचं. राहायला येईपर्यंत कोण कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

तुमच्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. आधी इमारत, मग माणसं. आणि ही माणसं कशी निवडली गेली? दर परवडला एवढ्याच निकषावर. त्या जुन्या सोसायट्यांतल्या लोकांनी बांधकामाआधी केलेलं काम तुम्हा लोकांना ताबा मिळाल्यानंतर करायचं आहे. त्याला पर्याय नाही. पाचवा टॉवर विकून झाल्यावर बिल्डर पुढच्या जागेवर जाईल. त्याचा धंदाच तसा आहे आणि त्याबद्दल मनात कडवटपणा धरून काही हाती लागणार नाही. हडपसरच्या मगरपट्ट्याचं उदाहरण म्हणूनच वेगळं ठरतं. तिथे सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र आणली आणि जमिनीच्या प्रमाणात ते कंपनीचे भागधारक झाले. विकासक झालेली माणसं तिथलीच होती, त्यामुळे वीस वर्षांनी तो परिसर कसा दिसेल हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. तुमच्या बिल्डरला तो प्रश्न नाही. दिवाळी पहाट त्याने विक्रीसाठी केली. सासूबाईंना तिथे बरं वाटलं असेल तर ते बरं वाटणं खरं आहे, पण पुढच्या वर्षी फ्लॅट संपले की ती होणार नाही, हे धरून चाला. सासूबाईंचा फोटो विचारल्याशिवाय वापरला असेल तर काढायला सांगा. एक ईमेल पुरे.

आता वाड्याबद्दल, जरा हळुवारपणे. तुम्ही लिहिलंय, "तिथे दार कधी बंदच नसायचं." खरं असणार. पण दार उघडं का असायचं? नळ अंगणात, संडास मागे, उजेड यायचा तो चौकातून. दार लावून घेतलं तर अंधार. भेटणं भागच होतं. शिवाय भाडेनियंत्रणामुळे भाडी वर्षानुवर्षं गोठलेली, म्हणून एकेका खोलीत तीन पिढ्या गेल्या. मनातून नकोसा झालेला शेजारीही आयुष्यभर शेजारीच राहायचा, म्हणून सांभाळून घ्यावं लागायचं. आणि वाड्यात, चाळीत कोणाला खोली मिळायची आणि जात विचारून कोणाला मिळायची नाही, हेही आपल्याला माहीत आहे. नवी सून कधी बाहेर पडते, कधी येते, कोणाशी बोलते यावर किती डोळे असायचे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तुमच्या मजल्यावरच्या त्या हिंदी बोलणाऱ्या बाईला कदाचित तसल्याच डोळ्यांपासून सुटका मिळाली असेल आणि ती बंद दाराआड सुखात असेल. तिला आपलंसं करायचं असेल तर तिचं ते सुख काढून न घेता करावं लागेल.

याच संदर्भात एक प्रश्न. तुम्ही हॉल हळदीकुंकवासाठी मागितलात. सासरे गेल्यावर आपल्या घरच्याच हळदीकुंकवात सासूबाई कुठे बसणार होत्या? अनेक ठिकाणी आता सगळ्या बायकांना बोलावतात, तुम्हीही बोलावणार असालच. तरी ज्यांच्यासाठी तुमचा जीव तुटतोय, त्यांना आणि त्या समोरच्या बाईला ज्यात अवघडल्यासारखं होणार नाही अशा निमित्ताने सुरुवात करा. पाच वाजता लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत दोन खुर्च्या आणि मेथीची जुडी, एवढं निमित्त पुरतं. भाजी निवडायला भाषा लागत नाही.

मजल्यापासूनच सुरू करा, असा माझा आग्रह आहे. पाचशे कुटुंबांचा समुदाय ही जाहिरातीतली कल्पना झाली. माणूस प्रत्यक्षात आठ-दहा घरांच्याच ओळखीत जगतो. येत्या रविवारी सकाळी मुलाला बरोबर घेऊन सासूबाईंसह तिन्ही दारांवर जा. झालेल्या प्रसंगाचा हिशोब मागू नका. "ह्या दुपारी एकट्या असतात, तुमच्याकडे दुपारी कोण असतं?" एवढंच विचारा. फोन नंबरांची देवाणघेवाण करा. एका घरी तुमची जास्तीची किल्ली ठेवा आणि त्यांची ठेवून घ्यायची तयारी दाखवा. कुणी नको म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका, खालच्या मजल्यावर विचारा. सुरक्षारक्षकाच्या टेबलावर ज्येष्ठांच्या घरांची एक यादी आणि प्रत्येकाच्या दोन नातेवाइकांचे नंबर हवेतच. दार बंद होणं हा त्यातला सर्वांत सौम्य प्रसंग आहे. बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवून घ्या आणि सासूबाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात एक किल्ली असू द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपकडून मात्र शेजाराची अपेक्षा सोडा. तिथे लोक तक्रारीच लिहितात, कारण तक्रार करायला त्यांना दुसरी खिडकी नाही. याचं कारण पुन्हा तेच: तुमची सोसायटी अजून नोंदलेलीच नाही. पत्रात तुम्ही 'सोसायटीचा ग्रुप' म्हणता, पण कायद्याने तुम्ही सगळे आज केवळ बिल्डरचे ग्राहक आहात. ग्राहक दुसऱ्या ग्राहकाशी बोलत नाही, तो काउंटरकडे तोंड करून उभा असतो. हॉलचे सहा हजार कुणी ठरवले, देखभालीचे पैसे कुठे जातात, टँकर कितीचे आले, यातलं काहीच तुमच्या हातात नाही, त्यामुळे रागाला कामाचं वळण मिळत नाही.

म्हणून रेराकडे जायचंच असेल तर ते या गोष्टीसाठी जा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांनुसार इमारतीतल्या ५१ टक्के सदनिकांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांच्या आत बिल्डरने सोसायटी नोंदणीचा अर्ज सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे करायचा असतो. पाचवा टॉवर पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही. सगळ्या प्रकल्पाचा महासंघ शेवटची इमारत झाल्यावर होतो, पण प्रत्येक इमारतीची सोसायटी आधी होऊ शकते. "सगळे टॉवर झाल्यावर बघू" हे उत्तर तुम्हाला मिळालं असेल, तर ते लेखी मागा. तुमच्या टॉवरमधल्या किती सदनिकांचं बुकिंग झालं आहे हे महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून पाहता येतं. बिल्डर दाद देत नसेल तर फ्लॅटधारक स्वतः उपनिबंधकांकडे असहकाराच्या कारणाने नोंदणीचा प्रस्ताव देऊ शकतात. वेळ लागतो, खेपा पडतात, पण त्या खेपांतच माणसं एकमेकांना ओळखायला लागतात.

त्याच वेळी करारनामा काढून बसा. क्लबहाउस सामाईक सुविधा म्हणून लिहिलंय की त्याचे हक्क विकासकाने स्वतःकडे ठेवलेत, हे नीट वाचा; हॉलचा प्रश्न त्या एका परिच्छेदावर सुटेल किंवा अडेल. ताबा घेताना भरलेल्या देखभालीच्या आगाऊ रकमेचा हिशोब मागा. ही रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून तिचा हिशोब देणं १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्यापासून बिल्डरवर बंधनकारक आहे. गळती, भेगा, खराब काम यांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं त्याची असते, तेव्हा लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रकल्प यांची स्थिती जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय बिल्डरकडून कारभार ताब्यात घेऊ नका.

इथे बिल्डरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कारभार द्यायला तयार असलेला बिल्डर आणि घ्यायला कुणीच नाही, असेही प्रकल्प आपल्या भागात आहेत. समितीसाठी नावं मागितली की सगळे ऑफिसचं कारण सांगतात. चेअरमन व्हायचं म्हणजे रात्री अकराला पाणी गेल्याचे फोन घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या पत्रात बिल्डरबद्दल दोन पानं आहेत, पण समितीत यायला तुम्ही किंवा यजमान तयार आहात का, याबद्दल ओळही नाही. दोष देण्यासाठी म्हणत नाही. शाळा, घर, सासूबाई सांभाळणाऱ्या बाईला सेक्रेटरीपद घ्या असं कुठल्या तोंडाने सांगू? पण एक छोटं, मर्यादित काम घेता येईल.

असं एक काम मी ताथवड्याच्या बाजूला एका सोसायटीत पाहिलं. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं आणि तुमच्या पट्ट्यातल्या सोसायट्या टँकरवर जगतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिथेही टँकरवरून रोज भांडणं व्हायची: पैसे कोण खातो, कोणत्या विंगला जास्त पाणी जातं. मग एका निवृत्त गृहस्थांनी जिन्याखालच्या फळ्यावर रोज लिहायला सुरुवात केली. टँकर किती वाजता आला, गाडी क्रमांक, किती लिटर, टाकीची पातळी आधी किती आणि नंतर किती, आणि शेवटी मोजणाऱ्याचं नाव. सुरुवातीला रोज त्यांचंच नाव असायचं. मी पाहिलं तेव्हा फळ्यावर सात-आठ वेगवेगळी नावं होती, त्यात एक दहावीतली मुलगी आणि एक भाड्याने राहणारा ओडिशाचा तरुण. पाणी तेवढंच येत होतं, पण संशय गेला होता. फळ्यासमोर उभं राहून लोक बोलत होते. तुम्ही शिक्षिका आहात. फळा, खडू आणि हजेरी या तीन गोष्टी तुमच्या हातच्या आहेत.

त्या तरुणाचं नाव मुद्दाम काढलं. तुमच्या पत्रात "निम्मे तर भाडेकरूच आहेत" अशी तक्रार आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला सोसायटीत मत नसतं, हे बरोबर. पण मत नसलेला माणूस दुपारी घरी असू शकतो, लिफ्टमध्ये सासूबाईंची पिशवी धरू शकतो. मालक मात्र अमेरिकेत असतो आणि फ्लॅट वर्षभर रिकामा राहतो. शेजारधर्माच्या बाबतीत राहणारा माणूस मालकाहून जवळचा. भाडेकरूंना ग्रुपमधून वगळणं, त्यांच्यासाठी लिफ्टचे किंवा बागेचे वेगळे नियम करणं, असले ठराव तुमच्या होऊ घातलेल्या समितीत येतील. त्यांना तेव्हाच विरोध करा. फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकाकडून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, घेता येतं, तेवढं पुरेसं आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही विसरू नका. दुपारी कोणत्या घरात कोण एकटं आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

गणपतीबद्दलही विचारलंत: बिल्डरचा गणपती असताना रहिवाशांनी वेगळा बसवावा का? बसवा, पण ईर्ष्येने नको. पार्किंगच्या एका कोपऱ्यात साधा मांडव, वर्गणी ऐच्छिक, आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत पै-पैचा हिशोब लिफ्टजवळ लावलेला. सोसायटी नोंदायच्या आधी एकमेकांच्या पैशांवर विश्वास ठेवायची ही चांगली तालीम होईल. आवाजाची वेळ पाळा आणि लहान बाळांच्या घरी आधी विचारून या.

राहिला विकण्याचा प्रश्न. मी आज विकू नका असं सांगेन, आणि त्याला कारण व्यवहाराचं आहे. ज्या चिंचवडगावात परत जायचं म्हणता, तिथला तुमचा वाडा आता नाही. तिथेही नवी इमारत, बंद दारं आणि लिफ्टच असेल. फक्त बाहेरची गल्ली ओळखीची. त्या गल्लीचं मोल मी कमी मानत नाही, पण मुद्रांक शुल्क, दलाली आणि कर्जाचा बदल यांत किती लाख जातील ते आधी कागदावर मांडा. सोसायटी नोंदण्याआधी विकायला गेलात तर बिल्डरच्या ना-हरकतीसाठी तो मागेल ती रक्कम मोजावी लागण्याचा धोका आहे. सोसायटी झाल्यावर महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. तेव्हा राहायचं असो वा जायचं, दोन्ही वाटांवर सोसायटीची नोंदणी तुमच्या फायद्याचीच आहे.

आणि सासूबाईंना विचारा. पत्रात तुमचं मत आहे, यजमानांचं आहे, त्यांचं नाही. त्यांना गावातलं घर हवंय, की मोरया गोसावींच्या देवळात जाऊन आल्यावर भेटणाऱ्या त्यांच्या जुन्या मैत्रिणी हव्यात? दुसरं असेल तर आठवड्यातून दोन सकाळी त्यांना रिक्षाने सोडायची आणि आणायची सोय लावा. तीही याच महिन्यात, घराचा निर्णय होईपर्यंत न थांबता.